डुकराने चावलेली गोळी

"ओळखीची एक गोळी काढा, व्हर्नाबाई. तिच्यावरूनच पुस्तक पारखायचं," ड्यूई म्हणाला. "ओळखीच्या गोळीबद्दल जे थापा मारतं, ते बाकीच्यांचं काय खरं सांगणार?"

कल्पेपरच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. ड्यूई तिथे वीस वर्षं अशा वस्तू ओळखायची पुस्तकं विकत होता. व्हर्नाने पर्समधून नवऱ्याची, हॉइटची, लाडकी बंदुकीची गोळी काढली, दातांनी चावून वेडीवाकडी झालेली. हॉइट मार्चमध्ये वारला. जन्मभर त्याने लोकांच्या अंगणात बोअर मारले आणि रविवारी मालकांची परवानगी काढून शेतं धुंडाळत सहाशे गोळ्या जमवल्या. गावचं संग्रहालय त्याच्या नावाने कपाट ठेवायला तयार होतं, फक्त प्रत्येक गोळीच्या चिठ्ठीवर पुस्तकातला क्रमांक हवा होता. मार्चपासून व्हर्नाला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. पण कपाट झालं नाही, तर हॉइटचं नाव थडग्याच्या दगडापुरतंच उरणार होतं, एवढं तिला कळत होतं.

ड्यूईने आधी जुनं पुस्तक उघडलं. त्यात हाताने काढलेली चित्रं होती. चावलेल्या गोळीखाली लिहिलं होतं : भूल न देता पाय कापताना सैनिकाने दातांखाली धरलेली. हॉइट दर थँक्सगिव्हिंगला हेच सांगायचा, तेही नेमकं टर्कीची तंगडी कापताना.

नव्या पुस्तकात गोळ्यांच्या मापाचेच फोटो होते. ड्यूईने गोळी फोटोवर ठेवली. खुणा जुळल्या. खाली लिहिलं होतं : डुकराने चावलेली. छावण्यांच्या जागी मोकाट डुकरं जमीन उकरत आणि गोळ्यांचं शिसं चघळत.

व्हर्नाला नवल वाटलं नाही. पस्तीस वर्षं ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. हे माणसाचे दात नव्हेत, हे तिने गोळी घरी आली त्याच दिवशी ओळखलं होतं. उगाच त्याचा विरस नको, म्हणून गप्प बसली.

"जुनंच बांधू का?" ड्यूई जरा चाचरत म्हणाला. "हॉइटनेही हे नवं नेलं होतं. सहा वर्षं झाली असतील. आठवड्यात परत आणलंन."

"का?"

"म्हणाला, घरात नको. व्हर्नाला ती सैनिकाची गोष्ट फार आवडते."

म्हणजे गेले सहा थँक्सगिव्हिंग तो तिच्यासाठी सांगत होता आणि ती त्याच्यासाठी ऐकत होती. हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू तरी. दोन्ही आलं नाही.

"नवं दे."

तिने टेबलावरच चिठ्ठी लिहायला घेतली. क्रमांक. डुकराने चावलेली. शोधणारा : हॉइट टॉलिव्हर.

"सैनिक लिहिलं असतंत तरी कोण बघायला येतंय?" ड्यूई म्हणाला.

"त्याला माहीत होतं ना? मग आता खोटं कुणासाठी लिहू?"

शाई वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.