खुडलेले शेंडे

बी पेरलं की माणसानं हात मागे घ्यावा आणि वाट बघावी, हे नवशिक्यालाही कळतं. म्हाताऱ्यानं तर उभा जन्म सार्वजनिक बागेत माळीकाम केलेलं. पण आता आज सकाळीच पेरलंय हे तो दुपारी विसरायचा आणि गॅलरीतल्या ट्रेमधली माती बोटानं उकरून बघायचा, "उगवलं का?" कसलं उगवतंय! झिनियाच्या फुलांचं बी ते, उकरून उकरून मेलं.

म्हातारीला बियांचं काही वाटत नव्हतं. तिची भीती वेगळी होती. नवरा आताशा तिला दिवसभर "बाई" म्हणायचा, कधी "ताई", एकदा तर चक्क "सिस्टर". फक्त गॅलरीत मातीत हात घातले की त्याला ती आठवायची आणि पूर्वीसारखी हाक यायची, "सरकार, जरा पाणी आणा." त्या एका हाकेवर तिचा दिवस निघायचा. ट्रे असाच रिकामा राहिला आणि कंटाळून त्यानं मातीचा नाद सोडला, तर ती हाकही जाणार. मग या घरात तिला ओळखणारं उरणार कोण?

शेवटी तिनं लबाडी केली. तो दुपारचा झोपलेला असताना कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतून झिनियाची तयार रोपं आणली, ट्रेमध्ये ओळीनं लावली आणि काही घडलंच नाही अशा थाटात चहा टाकला.

म्हातारा उठून गॅलरीत आला. रोपं बघून आधी लहान मुलासारखा हरखला. मग वाकून एकेक रोप निरखू लागला आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही माझी नाहीत."

"असं काय करता? तुम्हीच नाही का पेरलीत?"

"शेंडे खुडलेत यांचे. मी झिनियाचा शेंडा कधी खुडत नाही. खुडला की पहिलं फूल लांबतं. तोवर मधमाश्यांनी काय खायचं?"

तिनं कपाळावर हात मारला. संसारभर ऐकलेलं वाक्य, आणि घाईत नेमकं तेच डोक्यातून गेलं!

"कोणी आणली ही? तुम्ही?" तो तिच्याकडे रोखून बघत होता. "बाई, तुम्ही आहात कोण? माझ्या बायकोला बोलवा आधी."

तिला रडू फुटलं. पण रडून सांगणार कोणाला? ती आत गेली, दाराआड उभी राहिली, डोळे पुसले, केस सारखे केले आणि पुन्हा बाहेर आली.

"अहो, बोलावलंत?"

त्यानं मान वर केली. रोपासारखाच तिचा चेहरा निरखला.

"बरं झालं आलात, सरकार," तो म्हणाला आणि हात धरून त्यानं तिला जवळ ओढलं. मग दाराकडे बघत आवाज खाली आणला. "आत्ता एक बाई आली होती. माझं सगळं बी टाकून दिलं तिनं. तिला पुन्हा घरात घेऊ नका."

"नाही घेत," म्हातारी म्हणाली.