तळमजल्याचा वाटा

चौथ्या मजल्याच्या वळणावर बेरिलने दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि रमची बाटली शाबूत आहे ना, हे बोटांनी चाचपून पाहिलं. मग भिंतीला टेकून ती धाप ओसरायची वाट पाहत राहिली. समोर लिफ्टच्या दारावर पिवळी पट्टी आडवी चिकटवलेली होती. तिच्याखालचा 'बंद आहे'चा कागद कुणीतरी ओढून काढला होता. चार कोपरे तेवढे उरले होते.

"जिन्यातच मेलीस की काय गं?" वरून मर्लीनचा आवाज आला.

"मेले तर तुझी रम कोण पोचवणार?"

"मला तिचीच काळजी!"

सहाव्या मजल्यावर मर्लीन दार उघडून, काठीवर रेलून उभी होती. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली, आणि त्याची वसुली आता गुडघे करत होते. ऑक्टोबरात लिफ्ट बंद पडल्यापासून ती खाली उतरली नव्हती. त्याआधी रोज संध्याकाळी तीच लिफ्टने खाली यायची, बेरिलच्या तळमजल्यावरच्या घरी. आता बेरिल वर येत होती.

आत मर्लीनची मुलगी ॲन्थिया नाताळच्या केकसाठी मनुका निवडत बसली होती. ती सकाळीच बर्मिंगहॅमहून आली होती.

"मावशी, आधी बस. कोट तरी काढ."

"सांग की तिला," मर्लीन म्हणाली. "मघापासून माझ्या पोटात राहत नाहीये."

"तुझं घर आम्ही घेतोय, मावशी."

कोटाच्या दुसऱ्या गुंडीपाशी बेरिलचा हात थांबला.

घर विकायला काढलंय, लेकीजवळ समुद्रकाठी राहायला जाणार, हे तिने मर्लीनला सांगितलं होतं. एवढंच सांगितलं होतं.

कौन्सिलने, म्हणजे इमारतीची मालक असलेल्या नगरपालिकेने, भाडेकरूंना राहती घरं विकायला सुरुवात केली तेव्हा बेरिलच्या नवऱ्याने, रॉनने, त्यांचं घर घेतलं. आता आपण मालक, म्हणत त्याने दाराला लाल रंग दिला. पण मालकी दाराच्या आतली. छप्पर, जिना, लिफ्ट सगळं कौन्सिलचंच राहिलं आणि त्यांच्या खर्चातला वाटा मात्र दरवर्षी सर्व्हिस चार्ज म्हणून त्या लाल दारातून आत येऊ लागला. बेरिलने आयुष्यात लिफ्टचं बटण दाबलं नव्हतं. तरी तिच्याही वाट्याला लिफ्ट होतीच. मर्लीनसारख्या भाडेकरूंना यातलं काहीच माहीत नसे. त्यांनी भाडं भरलं की संपलं.

वसंतात नव्या लिफ्टची नोटीस आली. बेरिलचा वाटा साडेअकरा हजार पौंड, आणि हरकत घ्यायला एक महिना. बेरिल हरकतीचा अर्ज घेऊन दारोदार फिरली. नवी बसवायची म्हणून ही सहा महिने बंद ठेवतील, तेव्हा काय करणार, असं तिने प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांत आधी मर्लीनने सही केली आणि आपला अख्खा मजला तिच्यामागे उभा केला. कौन्सिलने काम पुढे ढकललं.

मग ऑक्टोबरात जुनी लिफ्ट कायमची बंद पडली. तिचा गेलेला भाग आता कुठे बनतच नव्हता. नवी नोटीस नवीन वर्ष लागलं की निघेल, असं कौन्सिलमधली बाई बेरिलला फोनवर म्हणाली. बिल येईल त्या दिवशी घर ज्याच्या नावावर, बिल त्याचं. फोन ठेवला त्याच दुपारी बेरिलने दलालाला बोलावलं.

"जाहिरातीत लाल दार दिसलं, लगेच ओळखलं," ॲन्थिया सांगत होती. "आईसाठी खालचं घर मागितलंय कौन्सिलकडे, पण रांग केवढी मोठी! ती संपेपर्यंत..."

"मी संपेन," मर्लीन म्हणाली. "आणि हिला बजावलंय, घासाघीस करायची नाही. रॉनचं घर आहे ते. बेरिल मागेल ती किंमत."

"करत नाहीये गं घासाघीस. सगळी साठवण जाणार, वर कर्ज. म्हणून मावशी, एकच विचारते. वकील म्हणाला, अशा इमारतीत छपराचं काम निघालं तर घरमालकाला जबर भुर्दंड बसतो. कौन्सिलने कळवलंय की सध्या कसलंच काम निघालेलं नाही. पण तू इथे जन्म काढलास."

"छप्पर, खिडक्या," मर्लीन बोटांवर मोजत म्हणाली. "लिफ्टचा तर प्रश्नच नाही. तळमजल्याला लिफ्टशी काय घेणं!"

बेरिलने पिशवीतून रम काढली, झाकण पिळून उघडलं आणि बाटली मर्लीनपुढे सरकवली.

"छप्पर ठणठणीत आहे," ती म्हणाली. "खिडक्याही नव्याच आहेत."

ते खरंच होतं.

"झालं समाधान?" मर्लीनने लेकीच्या डोक्यावर हलकी टपली मारली आणि मनुकांवर रम ओतली. खोलीभर गोड, जळजळीत वास पसरला. "आता माझं ऐक, बेरिल. मी खाली गेले म्हणून वरच्यांना विसरायची नाही. शेजारची फाडूमो पोरं काखोटीला मारून सहा मजले चढते. मी अर्ज लिहून घेतलाय. नवी लिफ्ट पाहिजे म्हणजे पाहिजे. कौन्सिल सह्यांना घाबरतं, हे तूच शिकवलंस. तेव्हा पहिली सही तुझी."

बेरिलने चष्मा लावून अर्ज वाचला. पुन्हा वरपासून वाचला. मग पेन घेऊन रेघेवर नीट, सुटसुटीत सही केली.

"लगेच पाठवू नकोस," ती म्हणाली. "आधी घराचे कागद होऊ देत. कौन्सिलला एका वेळी एकच काम झेपतं."

"बघ, डोकं बघ हिचं!" मर्लीन लेकीला म्हणाली. "आणि केक तुझ्याच स्वयंपाकघरात भाजणार हं मी. पहिला तुकडा तुला पोस्टाने पाठवेन."

बेरिल उठली. मर्लीनने दारात तिला जवळ ओढलं, काठी मध्ये आली म्हणून दोघी हसल्या.

खाली, लिफ्टसमोर, फाडूमो बाबागाडीत एक मूल आणि कडेवर दुसरं घेऊन जिन्याकडे बघत उभी होती.

"कधी सुरू होणार हो ही, काकू?"

"नवीच येणार आहे," बेरिल म्हणाली. "आता नक्की येणार."

आणि बाबागाडीचं पुढचं टोक उचलून ती तिच्याबरोबर पहिल्या वळणापर्यंत गेली.