मागचे पाय अधांतरी

जिभेला हाड नसतं, पण ती माणसं तोडते. सुतारबाबांनी एकदा धाकट्या भावाला चारचौघांत म्हटलं होतं, "तुझा हातच वाकडा." कारण एवढंच की धाकट्याने हौसेने घातलेली कारखान्याची फरशी दाराकडे उतरती झाली होती. तो जो गेला, तो पुन्हा बोलला नाही. बाबा रोज देवापाशी मागायचे, त्याचा आवाज एकदा कानी पडू दे. स्वतः फोन करायला मात्र धजत नव्हते.

त्यांची सून धडपडी. हल्ली लोक फोन समोर धरून, नसलेली वस्तू आपल्याच खोलीत मांडून बघतात. तिने कारखान्यातली बाबांची बसायची खुर्ची चहूबाजूंनी टिपली आणि कुणालाही घरात मांडता येईल अशी करून सोशल मीडियावर सोडली.

आणि हसं झालं. ज्याच्या त्याच्या घरात पुढचे पाय जमिनीवर, मागचे मात्र दोन बोटं वर हवेत! लोक व्हिडिओ काढून एकमेकांना पाठवू लागले. एकाने लिहिलं, बसणाऱ्याने आपले पाय घेऊन यावेत. सून ओशाळली, माझंच काहीतरी चुकलं म्हणाली. बाबांनी मान हलवली. तिचं काही चुकलं नव्हतं. उतरत्या फरशीवर नीट बसता यावं म्हणून मागचे पाय त्यांनीच थोडे कापले होते.

"मग बाबा, फरशीच का नाही उखडली?"

बाबा रंधा पुसत राहिले. "त्याच्या हातची आहे गं."

सून खुर्ची काढून टाकणार, तेवढ्यात आणखी एक व्हिडिओ आला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात तीच खुर्ची. पण मागच्या पायांखाली खरीखुरी फळी ठेवलेली, आणि खुर्ची चारी पायांवर छान टेकलेली. व्हिडिओत मागून आवाज आला, थोडा थकलेला, तरी ओळखीचा.

"दादा, म्हणजे फरशी अजून तीच आहे?"

देव द्यायला बसला की वाट विचारत नाही. बाबांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला सांगितला, मग सुनेला म्हणाले, फोन लाव.

"हात वाकडा नव्हता रे तुझा," ते एका दमात बोलले. "फरशी धुतली की पाणी आपणहून दाराबाहेर जातं. मलाच उशिरा कळलं."

पलीकडून धाकटा म्हणाला, येतो, पण बसायचं कशावर?

बाबांनी फोन सुनेच्या हाती दिला आणि लाकूड निवडायला उठले. मागचे पाय आखूड ठेवायचे होते.