लाँड्रीतली पंगत

त्या दिवशी लाँड्रीवाल्याने सकाळपासून एकाही कपड्याला हात लावला नव्हता. काउंटरवर 'मशीन बिघडले आहे' अशी पाटी लटकत होती, आणि ती पाटी दिसली की गावातल्या ठरावीक मंडळींच्या तोंडाला पाणी सुटायचं. मशीन ठणठणीत होतं. सीझन संपून वरची हॉटेलं कुलूपबंद झाली, की ते महिन्यातून एकदा असं सोयीने बिघडायचं. मग मागच्या खोलीत इस्त्रीची लांब टेबलं एकमेकांना जोडली जायची, त्यांवर हॉटेलांच्या धुऊन ठेवलेल्या चादरी अंथरल्या जायच्या आणि मंडळी कपड्यांची गाठोडी काखोटीला मारून, शर्ट टाकायला आल्याचा आव आणत, एकेक करून आत शिरायची. बहुतेकांच्या गाठोड्यात रद्दी असायची. शिंपी तेवढा खरोखरच मळके कपडे आणायचा आणि जेवण झाल्यावर ते फुकट धुऊन मागायचा.

एवढी लपवाछपवी करायचं कारण म्हणजे नगरपालिका. खायला घालायचा परवाना फक्त हॉटेलांना, आणि बॉयलर असलेल्या जागेत तो मिळायची तर बातच नको. त्यामुळे लाँड्रीवाल्याचे नियम कडक होते. आत शिरताना प्रत्येकाने मोबाइल बंद करून कापडी पिशवीत टाकायचा, आणि त्याचा स्वतःचा तर दुपारपासूनच त्या पिशवीत जायचा. बाहेर या जेवणाचा एक शब्द काढायचा नाही. अलीकडे साध्या कपड्यांत एक इन्स्पेक्टर फिरतोय अशी आवई उठली होती, तेव्हा तर त्याने सगळ्यांकडून शपथच घेतली होती. "परका माणूस काही विचारायला लागला तर तोंडाला कुलूप. मी कोण, कुठला, तुम्हाला माहीत नाही. समजलं?" मंडळींना ते फार आवडलं होतं. या गावात लपवण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

पण आजचं जेवण मंडळींसाठी नव्हतंच. ते दादासाठी होतं, आणि हे फक्त लाँड्रीवाल्याच्या बायकोला ठाऊक होतं.

दादा म्हणजे लाँड्रीवाल्याचा थोरला भाऊ. आई-वडील गेल्यावर त्यानेच धाकट्याला वाढवलं, खाली शहरात स्वतःच्या हॉटेलात हाताशी धरलं आणि कांदा कसा परतायचा इथपासून सगळं शिकवलं. "कांद्यासमोर घाई करायची नाही, छोटू. त्याला वाटलं पाहिजे की आपल्याला दुसरं काही कामच नाही." छोटू आता पन्नाशी ओलांडून दारातून आडवा होऊन शिरायच्या आकाराचा झाला होता, पण कांदा परतताना त्याला अजून तेच वाक्य ऐकू यायचं.

बिनसलं ते एका गिऱ्हाइकाच्या कौतुकावरून. गिऱ्हाइकाने जेवून छोटूची पाठ थोपटली, तर गल्ल्यावरून दादा बोलला, "माझ्या हाताखाली आहे म्हणून जमतंय. या दारातून बाहेर गेला तर याला ओळखतंय कोण?" बोलला हसत हसतच. पण छोटूने त्याच पावली ॲप्रन काढून गल्ल्यावर ठेवला, आणि हॉल माणसांनी भरलेला असताना निघून गेला. डोंगरात आला, लग्न केलं, सासऱ्यांची लाँड्री सांभाळायला लागला. दादाने कधी निरोप पाठवला नाही. यानेही नाही. दोघेही एकाच आईचे, त्यामुळे अकड सारखीच वाट्याला आली होती.

मग परवा वहिनीचा फोन आला. ती रडत नव्हती, भरभर बोलत होती. दादाच्या जिभेवर गाठ आली होती. तीन दिवसांनी सकाळी दाखल व्हायचं, मग ऑपरेशन, अर्धी जीभ जाणार. पुढे जेवण नळीने, आणि पुढेमागे तोंडाने खाता आलंच तरी चव लागेलच असं नाही. "काय खावंसं वाटतं विचारलं, तर आधी म्हणाले, काही नको," वहिनी म्हणाली. "मग म्हणाले, छोटूच्या हातचं."

लाँड्रीवाला एवढंच म्हणाला: "परवा दुपारच्या बसने पाठव. स्टँडवर उतरून लाँड्री विचारायची. बाकी एक अक्षर बोलायचं नाही. संध्याकाळच्या शेवटच्या बसआधी जेवण उरकतो." शेवटची बस गेली की घाटातलं फाटक बंद व्हायचं आणि सकाळपर्यंत अँब्युलन्सशिवाय कोणासाठी उघडायचं नाही, म्हणून एरवीची रात्रीची पंगत त्याने दुपारी उशिराची ठेवली.

बायको म्हणाली होती, "स्टँडवर आणायला जा ना त्यांना."

"कांदा विस्तवावर असेल."

"मी बघते कांदा."

"नको. येऊ दे त्याला विचारत विचारत."

एवढी एकच हौस होती त्याची. दादाने त्याचं दार शोधत यावं. ज्या दादाने 'याला ओळखतंय कोण' म्हटलं, त्याने त्याच्या गावात येऊन त्याचा पत्ता विचारावा. हौस काही फार मोठी नव्हती, पण ती त्याने सोडली नाही.

स्वयंपाकात मात्र त्याने जीव ओतला. कांदा पहाटेपासून मंद विस्तवावर होता, मधासारख्या रंगाला आला होता, आणि साबणाच्या वाफेत त्याचा वास रस्त्यावर जाणार नाही याची सोयही नेहमीसारखी झाली होती. त्याचं सूप गाळून गाळून असं केलं होतं की दुखऱ्या जिभेला कळूही नये. नदीचा मासा काटा न् काटा काढून वाफवायला तयार होता. भोपळा निखाऱ्यात भाजून लोण्यात घोटला होता. पेअर मधात इतके शिजवले होते की चमचा लावला तर बाजूला व्हावेत. तिखटाचा कण नव्हता कुठे. बॉयलरजवळच्या उबदार जागी पाठीला उशी लावून एक खुर्ची ठेवली होती.

दुपारची बस वर चढल्याचा आवाज त्याने ऐकला. मग तो दाराकडे कान लावून बसला. स्टँडपासून लाँड्री म्हणजे चढ धरून थोडंसं चालणं. दादाच्या चालीने थोडं जास्त. त्याने तेवढाही वेळ धरला. मग आणखी थोडा धरला.

बायको म्हणाली, "बघून येऊ का मी?"

"काही नको. गावात लाँड्री एकच आहे. यायचं असेल तर येईल."

मंडळी यायला लागली. गाठोडी कोपऱ्यात पडली, मोबाइल पिशवीत गेले, खुर्च्या सरकल्या. डॉक्टरीणबाई, पोस्टमास्तर, शिंपी आणि बाकीचे नेहमीचे. पोस्टमास्तरांनी उशीवाली खुर्ची बघून विचारलं, "हे सिंहासन कोणासाठी?"

लाँड्रीवाल्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण दादा आलाच नाही तर? एवढ्या लोकांसमोर भाऊ येणार म्हणायचं आणि मग रिकाम्या खुर्चीकडे बघत वाढायचं? तो म्हणाला, "कोणासाठी नाही. मोडकी आहे." आणि खुर्ची उचलून आत स्वयंपाकाच्या जागेत, साबणाच्या डब्यांपाशी ठेवली. ठेवताना त्याला दादाचा असा काही राग आला, की हातातली उशी त्याने डब्यांवर फेकलीच. मरायला टेकला तरी अकड जात नाही, असंही त्याच्या मनात आलं. नंतर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या विचाराची.

वाट बघता बघता उशीर झाला होता; सूप वाढायला घेतलं तेव्हा बाहेर शिंपी नेहमीप्रमाणे रंगात आला होता. मधे फक्त पडदा होता, सगळं ऐकू येत होतं.

"आज मी इन्स्पेक्टर कटवला," शिंपी म्हणाला. "चांगला म्हातारा धरून पाठवला होता नगरपालिकेने. गळ्याला मफलर, हातात पिशवी. दुकानात आला आणि म्हणतो, इथे एक उत्तम स्वयंपाक करणारा माणूस आहे, तो कुठे राहतो? म्हटलं, आजोबा, या गावात उत्तम असं काहीच राहत नाही."

सगळे हसले. लाँड्रीवाल्याने पळी भांड्यात बुडवली. मफलर काय, कोणीही घालतं.

"माझ्याकडेही आला होता की," पोस्टमास्तर म्हणाले. "मी सांगितलं, पूर्ण पत्ता आणा. पत्ता नसेल तर पोस्ट कोणालाच ओळखत नाही. तर म्हणे, भाऊ आहे माझा. मी मनात म्हटलं, वा! आता नातीही लावायला लागले."

"माझ्याकडे पाणी प्यायला थांबले होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "बोलताना जीभ जड होत होती त्यांची. म्हटलं, बघू का तोंड उघडून? तर म्हणाले, उद्या तेच आहे. मला वाईट वाटलं हो. पण शपथ म्हणजे शपथ. मीही म्हटलं, असं कोणी नाही इथे."

पळी तिथेच थांबली.

"अहो, खरी गंमत पुढेच आहे," शिंपी म्हणाला. त्याला कोणाचीही नक्कल हुबेहूब जमायची. त्याने जीभ गालात दाबली आणि जड, बोबड्या आवाजात सुरू केलं, "'बायको म्हणते, लाँड्री विचारा. मी लाँड्री कशाला विचारू? माझा छोटू कपडे धूत नाही. स्वयंपाक करतो तो. माझ्यापेक्षा चांगला करतो.' घ्या! रस्त्यात दिसेल त्याला हेच सांगत होता. माझ्यापेक्षा चांगला करतो, माझ्यापेक्षा चांगला करतो!"

टेबलाभोवती हशा उसळला. पडद्याआड लाँड्रीवाला उभा होता. जे वाक्य ऐकायला त्याने निम्मं आयुष्य वाट बघितली होती, ते त्याने असं ऐकलं.

त्याने सुपाचं झाकणाचं भांडं उचललं आणि पडदा बाजूला सारून तो टेबलापाशी आला. त्याचा चेहरा बघून शिंप्याची जीभ गालातच राहिली. "काय झालं?" कोणीतरी विचारलं. तो थांबला नाही. बायकोला मात्र सगळं कळलं; तिने पुढे होऊन दार उघडलं.

उतारावरून तो ॲप्रनसकट धावत सुटला. धावण्याजोगं शरीर राहिलं नव्हतं, तरी धावला. शिंप्याच्या दुकानावरून, पोस्टावरून, दवाखान्यावरून. हीच दारं दादाने एकेक करून गाठली असणार, हातात पिशवी घेऊन, थांबत, दम खात. आणि शेजारच्या गल्लीत लाँड्रीची पाटी होती, 'मशीन बिघडले आहे.' ती त्याने वाचलीही असेल कदाचित आणि पुढे गेला असेल.

स्टँड रिकामा होता. तिकीटवाला खिडकी बंद करत होता. तो पंगतीतला नव्हता, पण गुपित त्यालाही ठाऊक होतं, कारण उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी त्याला पोचायचं.

"बस?"

"आत्ताच गेली. फाटकही पडलं असेल एव्हाना." मग ॲप्रन आणि भांडं बघून तो हसला. "काळजी करू नका. तुमचा तो इन्स्पेक्टर त्याच बसने गेला. बराच वेळ बसला होता त्या बाकावर. मला विचारलं, इथे जेवायला काही मिळेल का? म्हटलं, सीझन नाही, या गावात जेवायची काही सोय नाही. मग बिस्किटांचा पुडा घेतला. चहात बुडवून, अगदी गिळगिळीत करून खात होता बिचारा. दोन खाल्ली असतील. बाकीचा पुडा मला देऊन गेला, म्हणाला, पोरांना द्या." तिकीटवाल्याने आवाज खाली आणला. "पण तुमचं नाव नाही हं काढलं आपण. फिरवून फिरवून विचारत होता, पण एक शब्द नाही."

लाँड्रीवाला बाकावर बसला. बाकावर बिस्किटाचा चुरा होता. भांडं त्याने मांडीवर घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"बरं केलं ना?" तिकीटवाल्याने विचारलं.

"माझा दादा होता तो," लाँड्रीवाला म्हणाला.

तिकीटवाल्याला वाटलं, चेष्टा आहे. तो हसायला गेला आणि मधेच थांबला. घाटाकडे त्याने एकदा बघितलं, मग खिशातून तो उरलेला पुडा काढून बाकावर ठेवला.

"अहो, मग आम्हाला आधी सांगायचं होतं ना," तो म्हणाला. "आम्ही हाताला धरून आणलं असतं त्यांना."

झाकणाखाली सूप अजून गरम होतं.