सतरा नंबरची पिन

"मावशी, तुम्ही दिवा न बघताच शिक्का मारलात," सुपरवायझर म्हणाला. "तीन बोर्ड परत आलेत, आणि तिन्हींवर तुमचाच शिक्का."

"दिवा हिरवा होता हो."

"हिरवा होता, मग बझर मुका कसा?"

अकरा वर्षं मावशी एकच काम करत होत्या. सर्किट बोर्ड जिगच्या, म्हणजे तपासणीच्या साच्याच्या, पिनांवर बसवायचा, झाकण दाबायचं, हिरवा दिवा लागला की शिक्का मारायचा, लाल लागला की बोर्ड बाजूला. हे बोर्ड दवाखान्यातल्या सलाईनच्या यंत्रात जायचे. बाटली संपली की बझर वाजायला हवा. नाही वाजला तर पेशंट आणि त्याचं नशीब.

"जिगमध्ये काही निघालं नाही, तर उद्यापासून तुम्ही पॅकिंगला," सुपरवायझर म्हणाला आणि जिग भाऊंच्या टेबलावर ठेवून गेला.

कारखान्यातली एकूण एक जिग भाऊंच्या हातची. त्यांनी तळाचे चार स्क्रू काढले आणि आत डोकावले.

बझरला वीज पोचते की नाही, हे सतरा नंबरची पिन बघायची. त्या पिनेखाली एक काळी तार होती. मागच्या आठवड्यात पिनेची स्प्रिंग गेली आणि चांगले बोर्डही लाल दाखवू लागले. मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. भाऊंनी तार टाकून तेवढी तपासणी गप्प केली आणि चाळीस बोर्डांचा बझर स्वतः मीटर लावून तपासला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी पिन बसवली. तार मात्र तशीच राहिली, आणि तेव्हापासून पिनेला काही कळो न कळो, दिवा हिरवाच लागत होता.

तात्पुरती तार लालच हवी, झाकणावर चिठ्ठी हवी, हा नियम भाऊंचाच. त्यावरून त्यांनी किती जणांना फैलावर घेतलं होतं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कटर हाताशीच होतं. तार कापून खिशात टाकली की विषय संपला. जिग ठणठणीत, चूक मावशींची. भाऊंची जिग म्हणजे डोळे झाकून विश्वास, असं लोक म्हणायचे, आणि तेवढीच त्यांची आयुष्याची कमाई होती. तिकडे दोनशे बोर्डांच्या खोक्यांना पट्ट्या आवळणं चाललं होतं. गाडी चारला येणार होती. घड्याळात साडेतीन झाले होते.

त्यांनी कटर खाली ठेवलं. उघडी जिग दोन्ही हातांत धरून ते सुपरवायझरकडे गेले.

"ही तार माझी. काढायची राहिली. मावशींचा काही दोष नाही. आणि ती खोकी थांबवा."

"भाऊ, तुम्ही?" सुपरवायझरने जिगमध्ये वाकून पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "लिहून द्यावं लागेल हो. आणि यापुढे तुमची जिग दुसरं कोणीतरी तपासून मगच लाईनवर येईल. आधी गेलेल्या बोर्डांचं यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला मी आत्ताच कळवतो."

भाऊंनी लिहून दिलं. खाली सही केली.

मावशी मागेच उभ्या होत्या. "म्हणजे आठ दिवस दिवा मला खोटं सांगत होता?"

"हो. चुकलं माझं."

त्या चार शब्द बोलल्या असत्या तर भाऊंना बरं वाटलं असतं. पण त्या रागावल्या नाहीत. भाऊंनी सगळ्यांसमोर तार काढली, आणि मावशी खोकी फोडून दोनशे बोर्ड पुन्हा तपासायला बसल्या. भाऊ शेजारी उभे राहिले.

पहिला बोर्ड बसला. झाकण खाली आलं, हिरवा दिवा लागला. मावशींनी शिक्का उचलला, पण मारला नाही. त्यांनी मान वर करून भाऊंकडे पाहिलं.

भाऊंनी मीटरची टोकं बोर्डाला लावली, आकडा पाहिला आणि मान हलवली. मगच शिक्का पडला.

दुसऱ्या बोर्डालाही तसंच झालं. अजून एकशे अठ्ठ्याण्णव बाकी होते, आणि दर हिरव्या दिव्याला मावशी वर पाहत होत्या.