एसीवर चढवलेली वेल

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या आमच्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून आहेत. एसीचा बाहेरचा डबा आमच्या दाराशेजारीच, डोक्याच्या वर टांगलेला. गंजाचे ओघळ, लोंबणारी नळी, तिच्याखाली काळंशार शेवाळ. इतकी वर्षं कोणाला काही वाटलं नव्हतं. पण धाकट्या दिराचं लग्न ठरलं, मुलीकडचे घर बघायला येणार म्हटल्यावर सासूबाईंना तो डबा डोळ्यांसमोर नकोसा झाला.

"शी! दारात हे काय लोंबतंय? व्याही आधी हेच बघणार!"

माझा नवरा बोयान याने डब्यासमोर लाकडी पट्ट्यांची जाळी ठोकली. सासूबाईंनी बाजारातून प्लास्टिकची वेल आणून तिच्यावर गच्च गुंडाळली. म्हणाल्या, "बघ यूनजू, बाग झाली की नाही?"

थोड्याच दिवसांत दारात वास यायला लागला. गोडसर, कुजका, घशात बसणारा.

"गटार तुंबलंय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, वास वरून येतोय."

"तुझं नाक जरा जास्तच तिखट आहे."

मी फिनेलने दार धुतलं. मग फिनेल आणि कुजका असा दुहेरी वास यायला लागला.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सासूबाई दारात चहाचा पेला घेऊन शेजारच्या ख्यू काकूंशी बोलत उभ्या होत्या. बाहीवर पांढरं काहीतरी पडलं. त्यांनी ते झटकलं. दुसरं चहात पडलं आणि वळवळलं.

पेला फुटला. काकू तोंडाला रुमाल लावून घरात पळाल्या.

बोयानने शिडी लावून जाळी उचकटली. आत कबुतरांनी घरटं केलं होतं. विष्ठेचा ओला थर, फुटलेली अंडी आणि मधोमध एक मेलेलं कबूतर, किड्यांनी नुसतं हलत असलेलं. बोयान कसाबसा खाली उतरला आणि कुंडीत ओकला. शेवटी मीच हातांना पिशव्या बांधून सगळं खरवडलं. पिशवीतूनही तो मऊपणा बोटांना कळत होता. रात्री जेवताना हात तोंडाशी नेववेना.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. उघड्या डब्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या घरीही तसाच असणार. विहीणबाईंनी स्वतः बांधलेले, पानात उकडलेल्या चिकट भाताचे मुटके आणले होते. एक सोलून त्यांनी सासूबाईंच्या हातात दिला. पांढरी, ओलसर, चकाकणारी शितं.

सासूबाई त्याकडे बघतच राहिल्या. ओठ पांढरे पडले. मी म्हटलं, "आईंचं पोट जरा..."

"गप गं," त्या म्हणाल्या. डोळे मिटून त्यांनी घास घेतला आणि न चावताच गिळला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

विहीणबाई गहिवरल्या. "आईच्या हातच्या चवीची आठवण झाली ना? घ्या, आणखी एक घ्या!"

सासूबाईंनी दुसराही घेतला. पाहुणे गल्लीच्या वळणापर्यंत जाईस्तोवर त्या दारात हसत उभ्या होत्या. मग मोरीकडे धावल्या.