शीव दाखवणारा माणूस

छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा बाची काठी मीच चुलीत घातली. बा म्हणजे बुधाजी, आमचा बाप. शिवेवरून दोन गावं भांडली की बा ती काठी घेऊन चालायचा. तो चालेल ती शीव, मग कोणी ब्र काढत नसे. पण ते काम महारकीचं. जोहार, भाकर मागणं आणि शीव, सगळं आम्ही एकदमच सोडलं. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो, अंगावर मूठभर मांस चढलं.

बासष्ट साली अकोला वाढत वाढत आमच्या वस्तीला टेकलं. नगररचनेचे साहेब नकाशा करायला आले. आमच्या मसणवटीची हद्द कागदावर कुठेच नव्हती. साहेबांनी लोकांना विचारलं, तर सगळ्यांनी बाचंच नाव घेतलं. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सायबानं शीव दाखवाले महार बलावला."

बा उठून चपला घालू लागला. मी दारात आडवा झालो. "बा, थे काम आपण सोडलं. जायचं नाई."

"काम सोडलं रे देवराव, पन शीव मलेच माईत हाय. दुसऱ्या कोनाले नाई."

"नावानं बलावतीन तवा जाजो."

 बा चपला काढून खाली बसला. शिकलेल्या पोराचा त्यानं मान ठेवला.

साहेब दुपारपर्यंत थांबले. शेवटी शेजारच्या मळ्यातला गोवर्धन पुढे चालला. तो बेइमान नव्हता, त्याला ठाऊक नव्हतं इतकंच. शीव वळते बाभळीपाशी, तो अलीकडे विहिरीपाशीच वळला. मधली मसणवट वस्तीबाहेर पडली, पडीक म्हणून लिहिली गेली आणि नकाशात तिथे भाजीबाजार आला.

हरकतीचा अर्ज मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिला. वरातीमागून घोडं. सुनावणीत साहेबांनी कागद वाचला, 'बोलावले असता हजर राहण्यास नकार.' का आला नाहीत, असं त्यांनी बाला विचारलं, तेही नरमाईनं.

"तब्बेत बरी नोती, सायेब," बा खाली पाहत म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. नको तिथे चालणारं माझं तोंड तेव्हा उघडलं नाही. त्याची लाज अजून जात नाही.

खोदकाम सुरू झालं त्या सकाळी बा अनवाणी गेला. बाभळीपासून एकटाच शीव चालला. मजूर हातातली कुदळ टेकून पाहत होते. एका जागी तो थांबला आणि मला म्हणाला, "अठी तुई माय हाय." आईला मूठमाती दिली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मुकादमानं घाई केली तसा बा बाजूला झाला.

बा जाऊन आता दोन वर्षं झाली. बाजारात ओट्यांच्या चार रांगा आहेत. माझी पोरगी विचारते, आजी कुठं हाय. मी त्या रांगांकडे हात करतो. नेमक्या कोणत्या ओट्याखाली, ते मला दाखवता येत नाही.